फौजी मित्राला चाकू द्यायचाय? आधी त्याच्या हाताचं काम बघा

पत्र: माझा शाळेपासूनचा मित्र लष्करात आहे, सध्या लडाखला. दसऱ्याच्या सुट्टीला गावी येतोय. त्याला चांगला चाकू भेट द्यावा असं मनात आहे. ऑनलाइन एक ‘कमांडो’ चाकू आवडलाय. काळं १० इंची पातं, पाठीवर करवतीचे दाते, मुठीच्या टोकाला होकायंत्र आणि मुठीत काड्या व सुईदोरा. किंमत १,८०० च्या आत आहे. गावातला लोहार म्हणतो, ट्रकच्या पाट्यापासून याहून भारी करून देतो. माझं बजेट चार हजारांचं आहे. लायसन लागतं का? तो परत जाताना नेणार कसा? पात्यावर त्याचं नाव आणि युनिट कोरून घेऊ का? आणि आई म्हणते, “सुरी दिली की दोस्ती तुटती, दुसरं काही बी दे.” तिला काय सांगू? — एक वाचक, मानवत, जि. परभणी

उत्तर:

तो काळा कमांडो चाकू घेऊ नका. पैसे अजून तुमच्या खिशात आहेत, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतो.

असल्या चाकूची गोम मुठीत असते. काड्या आणि सुईदोरा मावावा म्हणून मूठ पोकळ केलेली असते. पात्याचा जो भाग मुठीच्या आत खोलवर जायला हवा, ज्याला टँग म्हणतात, तो इथं दोन-तीन सेंटिमीटरवरच संपतो. सगळं पातं एका नटावर नाहीतर नुसत्या चिकटवणीवर उभं असतं. लाकडी पेटीचं झाकण उचकटायला चाकू घातला की सगळा जोर त्या सांध्यावर येतो. आधी पातं हलायला लागतं, मग एक दिवस मूठ हातात आणि पातं पेटीत राहतं. पाठीवरचे दाते दिसायला जबर असतात, पण खऱ्या करवतीचे दाते एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, म्हणून तिची खाच पात्यापेक्षा रुंद पडते आणि ती अडकत नाही. इथं दाते सरळ आणि पातं जाड, त्यामुळे फांदीत बोटभर शिरलं की घट्ट बसतं. शिवाय प्रत्येक दात्याच्या बेचक्यात तडा सुरू व्हायला जागा मिळते. होकायंत्राचं तर काय सांगावं, त्याची सुई पोलादाच्या पात्याशेजारीच बसवलेली असते. आणि काळ्या रंगाखाली कुठलं पोलाद आहे हे जाहिरातीत लिहिलेलंच नसतं. नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ लिहिलं असेल तर समजा, सांगण्यासारखं काही नव्हतं.

आता कायदा, कारण १० इंची पात्याचा प्रश्न तिथंच निकाली निघतो. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत पाचवा वर्ग धारदार शस्त्रांचा आहे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी, कुकरी, खंजीर यात येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं यातून वगळली आहेत. म्हणून तुमच्या घरचा ऊसतोडीचा कोयता लांबीनं मोठा असला तरी तो अवजार ठरतो. कमांडो चाकू कुठलं घरकाम किंवा शेतकाम करतो, याचं उत्तर मात्र पोलिसांपुढे देता येणार नाही. दुधारी पात्याचंही तेच. कांदा चिरायला दोन धारा लागत नाहीत.

पातं लहान असलं म्हणजे कुठंही खिशात घालून फिरावं असंही नाही. सणासुदीत आणि निवडणुकीच्या काळात आपल्याकडच्या जिल्ह्यांत महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्यात काठ्या, भाले, तलवारींबरोबर सुऱ्याही येतात. मित्र सुट्टीवर असेल तेव्हा चाकू घरातच राहू द्या. मिरवणुकीत कमरेला लावून फिरायची ही वस्तू नाही, मग तो फौजी असो की आणखी कोणी.

आणि खटक्याचा चाकू, म्हणजे बटण दाबलं की स्प्रिंगनं पातं बाहेर येतं तो, कुठल्याच किमतीला घेऊ नका. तुमचा मित्र लडाखला जाताना दिल्लीवरून जाणार. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेप्रमाणे ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद पात्याच्या अशा चाकूला बंदी आहे. तुमची भेट त्याच्या गळ्यात पडायला नको.

मग द्यायचा कोणता? दुकानात किंवा मोबाइलवर बघण्याआधी एक काम करा. मित्राला फोनवर सहज विचारा, “तिकडं टिन कशानं फोडता रे?” त्याच्या उत्तरात सगळं येईल. त्याच्याजवळ चाकू आहे का, युनिटमध्ये खाजगी चाकू ठेवू देतात का, तो दिवसभर बाहेर पेट्रोलिंगला असतो की स्टोअरमध्ये, गाड्यांवर, वायरलेसवर. यातला खाजगी चाकूचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. खाजगी चाकू जवळ ठेवायचा की नाही हे त्याच्या कंपनीतल्या वरिष्ठांच्या मर्जीवर असतं, आणि गणवेशावर तर तो लावताच येत नाही. जो चाकू ट्रंकेत सहज राहतो आणि तपासणीत कुणाच्या भुवया उंचावत नाहीत, तोच त्याच्या उपयोगी पडणार.

फौजीच्या हातात चाकू आला की तो काय करतो? डबा फोडतो, दोरी कापतो, पॅकिंगची पट्टी आणि चिकटपट्टी तोडतो, तार सोलतो, ढिला स्क्रू आवळतो, कांदा-टोमॅटो चिरतो, बुखारीसाठी, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीसाठी, लाकडाच्या ढलप्या काढतो, बोटातलं कुसळ काढतो. स्विस सैन्याला १८९१ मध्ये जो पहिला घडीचा चाकू मिळाला त्यात एक पातं, एक आरी, डबा फोडायचं अवजार आणि रायफलीचे स्क्रू काढायला स्क्रू ड्रायव्हर होता. एवढंच. सैनिकाच्या चाकूचा जन्मच डबा आणि स्क्रूसाठी झाला, आणि आजही त्याचं रोजचं काम तेच आहे.

म्हणून चार हजारांत आमची पहिली पसंती घडीच्या स्विस चाकूला, ९१ मिलिमीटरच्या मापातला. व्हिक्टोरिनॉक्सचा हंट्समन किंवा त्याच्या आसपासचा नमुना बघा. हंट्समनमध्ये मोठं आणि लहान पातं, करवत, कात्री, डबा फोडायचं, बाटली उघडायचं, आरी, असं सगळं येतं आणि वजन शंभर ग्रॅमच्या आत राहतं. त्यातली करवत खरी करवत आहे. अंगठ्याएवढी फांदी मिनिटाभरात कापते, कारण दाते धारदार आहेत आणि पातं पाठीकडे पातळ होत जातं. पात्याचं पोलाद मुद्दाम फार कडक ठेवलेलं नसतं, कडकपणाच्या रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास. धार लवकर उतरते पण लवकर लागतेही, आणि टोक सहसा तुटत नाही. चौकीवर कुणाजवळ भारी दगड नसतो, तिथं हेच बरं.

लडाखच्या दृष्टीनं त्याची एक उणीव सांगायलाच हवी. मोठं पातं नखानं उघडावं लागतं, आणि जाड हातमोजे घातले किंवा बोटं बधिर झाली की नख त्या खाचेत बसत नाही. बंकरमध्ये, हातमोजे काढून करायच्या कामांना अडचण येत नाही. तो रोज उघड्यावर काम करणारा असेल तर त्याच कंपनीचा १११ मिलिमीटरचा, अंगठ्यानं एका हातात उघडणारा आणि उघडल्यावर लॉक होणारा सैनिकी नमुना बघा, फक्त तो बजेटबाहेर जायची तयारी ठेवा. ॲल्युमिनियमच्या मुठीचा नमुना मैदानी भागात छान, पण शून्याखाली वीस अंश असताना उघड्या हातानं धातू धरला की कातडी चिकटते. तिथं प्लास्टिकचीच मूठ हवी.

पक्कड असलेलं मल्टिटूल गाड्यांवर किंवा सिग्नलमध्ये असलेल्यासाठी चाकूपेक्षाही कामाचं. चांगलं मल्टिटूल मात्र चार हजारांत बसत नाही, आणि हजार रुपयांचं नकली घेऊ नका. त्याच्या पक्कडीचे जबडे तारेवर जोर दिला की तिरके सरकतात, मग ती पक्कड नटही धरत नाही आणि तारही तोडत नाही. दोघा-तिघा मित्रांनी मिळून काढायची तयारी असेल तर वेगळी गोष्ट.

त्याचं काम खरंच उघड्यावर असेल आणि युनिटमध्ये चालत असेल तर न मिटणारा, म्यानाचा लहान चाकू उत्तम. पातं ९ ते ११ सेंटिमीटर, पाठीची जाडी अडीच ते सव्वातीन मिलिमीटर, मूठ ११-१२ सेंटिमीटर लांब. स्वीडनच्या मोरा कंपनीचा कंपॅनियन या मापाचा आहे, १०.४ सेंटिमीटर पातं, स्टेनलेस, रबरी पकडीची मूठ, प्लास्टिकचं म्यान. त्याच चाकूचं कार्बन स्टीलचं रूपही मिळतं. त्याला धार सुरेख लागते, पण तो गंजतो. भेट म्हणून स्टेनलेसच घ्या. मूठ हातमोज्यासकट धरून बघता आली तर उत्तम. उघड्या हाताला अगदी बरोबर बसणारी मूठ हातमोज्यात निसटते, म्हणून थोडी जाड असलेली चांगली.

म्यानाकडे कुणी बघत नाही आणि घोटाळा तिथंच होतो. चाकू म्यानात घालून उलटा धरा आणि दोन-तीन झटके द्या. निसटला तर नको. म्यानाच्या तळाला पाणी निघून जायला भोक असावं. चामड्याचं म्यान देखणं असतं, पण भिजलं की दिवसच्या दिवस ओल धरून ठेवतं आणि पात्यावर तपकिरी डाग उमटतात. उद्या त्याची बदली आसाम-अरुणाचलला झाली तर त्याच म्यानावर बुरशी येईल.

चाकू हातात आला की पाच मिनिटं द्या. पात्याला लोहचुंबक लावा, घट्ट चिकटलं पाहिजे. चाकूचं जे पोलाद तापवून कडक करता येतं ते सगळं चुंबकाला चिकटतं. चिकटत नसेल तर ते भांड्यांचं मऊ स्टील आहे, त्याला धार टिकत नाही. धार डोळ्यासमोर धरून दिव्याकडे बघा. कडेवर कुठं पांढरी चमक दिसली तर तिथं धार बोथट आहे किंवा मोडलेली आहे. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून टाचेपासून, म्हणजे धारेच्या मुठीजवळच्या टोकापासून, पात्याच्या टोकापर्यंत कापा. जिथं कागद फाटतो तिथं दोष. लॉकवाला चाकू असेल तर उघडून, बोटं पात्याच्या वाटेत न ठेवता, त्याची पाठ लाकडाच्या फळीवर हलकेच दोन-तीनदा ठोका. लॉक सुटलं तर त्याच दिवशी परत करा. स्विस चाकूच्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव ठसठशीत कोरलेलं असतं, पातं उघडताना आणि मिटताना ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो, आणि मिटल्यावर कुठलंच अवजार बाजूला लटपटत नाही. बिल घ्या आणि जपून ठेवा, ते पुढंही लागणार आहे.

आता लोहाराचं. त्याला हलक्यात घेऊ नका. ट्रकच्या पाट्याचं, म्हणजे चाकावरच्या कमानीच्या पट्टीचं, पोलाद खरोखर चांगलं असतं, सिलिकॉन-मँगनीज जातीचं, कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर. आपल्याकडचे कोयते आणि विळे त्याचेच होतात. पण तो चाकू लडाखला पाठवू नका. त्यात क्रोमियम नावापुरतं, म्हणून तो गंजतो. लडाखची हवा कोरडी असली तरी गोठलेला चाकू उबदार बंकरमध्ये आणला की थंड पात्यावर दव धरतं, आणि गंज तिथूनच सुरू होतो. लोहाराकडून पाच इंची घरगुती सुरी करून घ्या आणि ती मित्राच्या घरच्यांना द्या. त्याच्या मागे त्याच्या घरी कांदे-भाजी रोजच चिरली जाते.

ती करून घेताना लोहाराशी चार गोष्टी बोलून घ्या. पाटा जुना नको. लाखो वेळा वाकून सरळ झालेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असतात, आणि कडक करताना तेच फाकतात. कमानी बसवणाऱ्या गॅरेजमध्ये नव्या पाट्याचा कापलेला तुकडा मिळतो, तो घ्या. घडवताना पोलाद मंद लाल झालं की ठोकणं थांबवून पुन्हा भट्टीत घालायचं, नाहीतर आत ताण राहतो. पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करताना, पाण्यात नाही, तेलात बुडवायचं. खुरपं पाण्यात बुडवलं तर चालून जातं, पण पातळ सुरीचं हे पोलाद पाण्यात तडकतं. तेल थोडं कोमट करून घ्यावं, हात लावला तर चटका बसेल पण धूर निघणार नाही इतकं. पातं किती तापलं हे लोहचुंबकानं बघता येतं. चुंबक चिकटायचं थांबलं की त्याच्या थोडं वर तापवायचं आणि लगेच बुडवायचं. थंड झाल्यावर कानस फिरवून बघायची. ती न चावता घसरत गेली तर पातं कडक झालं.

इथं बरेच जण थांबतात आणि चूक इथंच होते. नुसतं कडक केलेलं पातं काचेसारखं असतं, फरशीवर पडलं की टोक उडतं. म्हणून ते पुन्हा मंद तापवून थोडं मऊ करावं लागतं. घरी ओव्हन असेल तर २०० अंश सेल्सिअसला एक तास ठेवायचं, बाहेर काढून पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा एक तास. आधी घासून चकचकीत केलेलं पातं असेल तर त्यावर सुक्या कडब्यासारखा फिकट पिवळा रंग चढतो. तो आला की काम झालं. निळा आला तर धार टिकणार नाही, पाणी पुन्हा द्यावं लागेल.

हाच निळा रंग पुढंही लक्षात ठेवा. सायकलवर चाक फिरवून धार लावणारा गल्लीत येतो, त्याच्याकडे या चाकूंपैकी एकही देऊ नका. कोरड्या चाकावर पातळ कड क्षणात ३०० अंशांवर जाते, ठिणग्या उडतात, कडेला निळसर छटा येते, आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरतं. त्या दिवशी सुरी केस उडवते, आठवड्यात टोमॅटोवर घसरते.

त्याऐवजी भेटीबरोबर लहान दगड द्या, एका बाजूला ४०० आणि दुसऱ्या बाजूला १००० ग्रिटचा (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). मित्राला हे समजावून सांगा. दगड ओला करायचा, पातं साधारण २० अंशांच्या कोनात धरायचं. कोन मोजायला पाठ किती उचलली ते बघायचं. पातं १४ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून ५ मिलिमीटर वर, २५ रुंद असेल तर साडेआठ. एका बाजूनं टाचेपासून टोकापर्यंत घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला बोटाच्या टोकाला खरखरीत कड लागेपर्यंत. वाळूज-चिकलठाण्याच्या वर्कशॉपमध्ये त्या कडेला बर म्हणतात. बोट धारेच्या लांबीवर फिरवायचं नाही, धारेपासून बाहेर ओढायचं. टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे बर आली की बाजू बदलायची, मग १००० ची बाजू वापरायची, आणि शेवटी दोन्हीकडून अगदी हलके पाच-सहा हात. बहुतेकांची धार लागत नाही याचं कारण एकच, बर येण्याआधीच ते बाजू बदलतात.

तेलही द्या, पण कुठलं ते महत्त्वाचं. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, फक्त खाण्याचं काही चिरण्याआधी पुसून घ्यायचं. खोबरेल नको, ते २४ अंशांच्या खाली गोठतं, लडाखला बाटलीतून निघायचंच नाही. आपल्या घरचं करडईचं तेलही नको. ते हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतं आणि घडीच्या चाकूचे सांधे जाम होतात. जाम झालेला चाकू कोमट पाण्यात उघडझाप करून धुवायचा, पूर्ण वाळवायचा आणि प्रत्येक सांध्यात एकच थेंब. वाळवायला बुखारीवर ठेवायचा नाही, प्लास्टिकची मूठ वाकते.

नाव कोराल तर फक्त नाव, किंवा नावाचं आद्याक्षर आणि वर्ष. युनिट, नंबर, पोस्टिंगचं ठिकाण अजिबात नको. चाकू हरवला तर ती माहिती कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. कोरायचं तर मुठीवर. पात्यावर लेझरनं काळं अक्षर उठवलं की त्या जागी स्टेनलेसचा गंजरोधक थर जळतो आणि पहिला गंज बरोबर अक्षरावरच येतो. देवनागरीत लिहाल तर अक्षराची उंची तीन मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नका, वेलांट्या आणि मात्रा एकमेकींत मिसळतात.

आता आईचं म्हणणं. ते झिडकारू नका. सुरी हातातून हातात देऊ नये, खाली ठेवावी आणि समोरच्यानं उचलावी, ही रीत कितीतरी घरांत आहे. त्यामागे हात कापू नये ही काळजीही आहेच. तसंच करा. आणि मित्राकडून एक रुपया मागून घ्या. मग ती भेट राहिली नाही, त्यानं विकत घेतली, आणि आईच्या मनाला टोचणी उरली नाही. दसऱ्याला येतोय म्हणता तर खंडेनवमीलाच द्या. त्या दिवशी तुमच्याकडे कोयते, विळे, खुरपी धुऊन मांडली जातातच, त्यांच्याशेजारी हा चाकू ठेवा, आईच्याच हातून त्याला हळदकुंकू लावून घ्या. फक्त संध्याकाळपर्यंत पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवा. ओलं कुंकू रात्रभर पोलादावर राहिलं की डाग पडतो. लिंबू कापाल तर लोहाराच्या सुरीनं कापू नका, लिंबाच्या रसानं तिच्यावर काळे ओघळ उठतात.

परत जाताना तो बहुधा सचखंडनं परभणीहून दिल्लीला जाईल आणि पुढं विमानानं लेहला. चाकू कमरेला किंवा हातातल्या पिशवीत नको. धारेवर जाड पुठ्ठ्याची दुहेरी घडी घालून, चिकटपट्टीनं बांधून, ट्रंकेत कपड्यांच्या मधोमध ठेवायचा, बिलाची प्रत त्याच पुडक्यात. विमानतळावर केबिनच्या बॅगेत लहान घडीचा चाकूसुद्धा काढून घेतात आणि परत मिळत नाही. तो चेक-इनच्या सामानातच गेला पाहिजे. गाडीतून उतरून थेट विमानतळावर जायची घाई असेल, म्हणून हे सामान मानवतलाच वेगळं बांधून ठेवा. खिशात किल्ल्यांना अडकवलेला एखादा जुना चाकू राहिला नाही ना, हेही निघताना त्याला आठवणीनं विचारा.